लाल चौकोनातल्या माणसाचं शेवटचं म्हणणं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा खुर्च्या-सोफे दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीत आहे. मला कुणी दटावलेलं नाही, कुणी गोड बोलून वळवलेलं नाही. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं, हे मी स्वखुशीने लिहून ठेवतो. 'स्वखुशीने' हा शब्द वकीलबाईंनी घालायला लावला. खुशी कसली डोंबलाची, पण कायद्याला तो लागतो म्हणे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते या लेखाने रद्द समजावं. त्यात सगळं बायकोच्या नावे होतं, कारण आधी मी जाणार हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. ते कसं ठरलं ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढची अट वाचून लोक म्हणतील, म्हातारचळ लागला.

आमच्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता आहे. वय, बाई की पुरुष, रक्तदाब, साखर, सिगारेट, एवढं बघायचं आणि हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका किती, ते रंगीत चौकोनात शोधायचं. माझ्यासाठी डॉक्टरांचं बोट सरकत सरकत लाल चौकोनावर थांबलं. बायकोने हौसेने स्वतःचंही विचारलं. तिचा चौकोन हिरवा. तिला हायसं वाटलं, निदान दोघांतलं एक तरी धड आहे म्हणून.

त्या दिवसापासून "तुम्ही बसा, तुम्ही लाल" हे तिचं पालुपद झालं. आमचं दुकान तळाला, कामाची खोली पहिल्या मजल्यावर, राहणं त्याच्यावर. सोफे, फोमचे गठ्ठे, रेक्झिनचे तागे, सगळं जिन्याने चढवायचं. ते सगळं तिने अंगावर घेतलं. माझं जेवण बिनमिठाचं, माझ्या गोळ्या तिच्या पाठ, मी जरा खोकलो की तिचा हात माझ्या पाठीवर. मीही सवयीने बसून राहिलो. लाल माणसाचे लाड होतात, हे मला आवडलं नव्हतं असं म्हणणार नाही.

मग ती दमायला लागली. म्हणायची, वय झालं. पाठीत भरून यायचं, ते ओझ्याने. मळमळायचं, ते पित्ताने. जबडा दुखायचा, ते दाढेने. प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे कारण तयार. एका दुपारी जिन्याच्या वळणावर तिने गिऱ्हाइकाची आरामखुर्ची भिंतीला नीट टेकवली आणि शेजारी पायरीवर बसली. ती तिथून उठली नाही. खुर्चीला ओरखडासुद्धा नव्हता.

नंतर डॉक्टरांनी मला विचारलं, "काकूंच्या आई कशाने गेल्या होत्या?"

"झोपेतच गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती."

"आणि काकूंना बाळंतपणात दाबाचा त्रास झाला होता?"

"मुलीच्या वेळी फार. दोघी वाचल्या तेच नशीब."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "काका, हे त्या तक्त्यात येत नाही. मी तोंडाने विचारायला हवं होतं."

आता वाटणी.

राहतं घर, कामाची खोली आणि दुकान माझ्या एकुलत्या मुलीला मिळावं. ती आणि तिची लेक माझ्याकडेच राहतात. अट एकच. मुलीने आधी हृदयाची पूर्ण तपासणी करून घ्यावी, कार्डिओग्राम, इको, रक्त आणि डॉक्टर सांगतील ते सगळं. आपली आई आणि आजी कशा गेल्या हे तिने डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगावं. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून येणं ही तपासणी धरू नये. तोवर सगळं वकीलबाईंच्या ताब्यात राहावं. बँकेतली ठेव याच कामी खर्चावी.

शिलाई मशीन, मोठी कात्री, सगळी दाभणं मुलीला, बिनअटीची. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे मी तिला कधी बोललो नाही, इथे वाचेल.

बायकोची धडधाकट दाढ उपटून वर "आता निवांत झोपाल" म्हणणाऱ्या दातांच्या डॉक्टरला माझ्याकडून काही नाही. त्याची फिरती खुर्ची दुरुस्तीला आलेली आहे. ती तशीच परत करावी, उसवलेली.

मी गेल्यावर मला खाली न्यायला मजुरी देऊन माणसं आणावीत. मुलीने खांदा देऊ नये, पायाकडूनही धरू नये. ती ऐकणार नाही, म्हणून लेखी देतो.

कारण आई गेल्यापासून ते सगळं ओझं तीच चढवते. मी उठलो की म्हणते, "बाबा, बसा." परवा वळणावर थांबून पाठ चोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, पित्त. मी दुकानाला कुलूप लावलं, तर बाईसाहेबांनी गिऱ्हाइकाचा सोफा फुटपाथवरच उलटा करून कामाला सुरुवात केली.

काल हा मसुदा मी तिला वाचून दाखवला. ती चिडेल वाटलं होतं. चिडली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला लाल सांगितलं आणि आई तुमचं ओझं उचलायला लागली. उद्या मला लाल सांगितलं तर माझं कोण उचलेल?"

आत तिची लेक अभ्यास करत होती.

"अकरा वर्षांची आहे," मुलगी म्हणाली. "आत्तापासूनच माझ्या हातातली पिशवी ओढून घेते. मला नाही कळून घ्यायचं. घर राहू दे तुमच्या वकीलबाईंकडे."

मी लाकडाचा सांगाडा बघून खुर्ची किती टिकेल ते सांगतो, पण माणसाचं तसं बघून सांगता येत नाही. रात्र तशीच गेली. अट काढावी असंही मनात आलं. काढलेली नाही.

सकाळी वकीलबाईंना विचारलं, ही अट आजपासून लागू करता येते का. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र आहे ते. तुम्ही असेपर्यंत हा नुसता कागद."

सहीआधी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे मला तपासलं. छातीला नळी लावली, दाब पाहिला, कार्डिओग्रामची पट्टी काढली. मग हसून म्हणाले, "काका, काकूंनी तुम्हाला चांगलं सांभाळलंय. अजून दहा-बारा वर्षं तरी तुम्हाला काही होत नाही."

वरच्या जिन्यावर मुलगी सोफा चढवत होती, त्याचा आवाज येत होता. मी डॉक्टरांसमोर रडलो. त्यांना वाटलं, आनंदाने.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही : खुर्चीवाला

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली. सही करणारा शुद्धीत आहे व त्याची प्रकृती उत्तम आहे.

साक्षीदार पहिला : डॉक्टर
साक्षीदार दुसरा : शेजारचा चष्मेवाला

ठिकाण : दुकान, जिन्याखाली
दिनांक : ९ मार्च