ठोंब्याचं नवं पाळणाघर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. ज्याला आयुष्याला शिस्त लावायची आहे त्याने लिहिलं पाहिजे.
पहिला निर्णय: ठोंब्याचं पाळणाघर बदलणार.
ठोंब्या म्हणजे आमचा कुत्रा. खरं तर कन्येचा. कन्या हॉस्टेलला गेली आणि जाताना हे माझ्या ओटीत घालून गेली. रंग बिस्किटासारखा, जात कोणतीच नाही, एक कान उभा आणि एक पडलेला. कोणता पडलेला ते आत्ता आठवत नाही, पण हजार कुत्र्यांत ओळखेन. आम्ही दोघं नोकरीवाले, त्यामुळे दिवसभर तो काकूंकडे असतो. काकू म्हणजे मागच्या गल्लीतल्या. अंगणात कुत्री सांभाळतात.
आज संध्याकाळी आणायला गेलो तर ठोंब्या मला बघून खाटेखाली शिरला. रोजच शिरतो. काकू म्हणाल्या, अहो रमतो हो इथे. मी हसलो, पण आतून लागलं. दिवसभर ऑफिसात मान मोडून यायचं आणि घरच्या कुत्र्याने खाटेखाली जायचं? काकू लाड करतात, त्याचा हा परिणाम. दोष कुत्र्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.
बदलाला मी घाबरत नाही. मागच्या महिन्यात सलूनही बदललं. आधीचा म्हणत होता, मागून विरळ होतायत. त्याची नजर अधू आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हिला निर्णय सांगितला. ही म्हणाली, काकूंचं काय वाईट आहे? मी तत्त्व समजावून सांगितलं. ही म्हणाली, अहो, घरी आल्यावर त्याच्याशी जरा खेळा, मग येईल तुमच्याकडे. मला खेळायला वेळ असता तर पाळणाघर कशाला लागलं असतं? उत्तर बिनतोड होतं. ही भाजी चिरत राहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार
शोधमोहीम. ठोंब्याला गाडीत घातलं आणि निघालो. वेगवेगळे पर्याय पाहून, तौलनिक अभ्यास करून निवड करणार.
पहिलं ठिकाण पोहण्याच्या तलावाचं. ठोंब्याने विचारविनिमय न करता उडी घेतली. बाहेर येईना. त्याला काढायला वाकलो. तलाव फार खोल नाही, माझ्या कमरेपर्यंतच आहे. नापसंत. कारण: स्वच्छता.
दुसरं ठिकाण एका ट्रेनरचं. ओल्या पँटनेच गेलो. त्याने ठोंब्याला बस म्हटलं, ठोंब्या बसला. मग मला म्हणाला, साहेब, आता तुम्ही त्याला बोलवा. मी बोलावलं. ठोंब्या बसूनच राहिला. परत बोलावलं, टाळ्या वाजवल्या, बिस्कीट आहे अशी थाप मारली. ट्रेनर म्हणाला, कुत्रा चांगला आहे, वेळ तुम्हाला द्यावा लागेल. मालकांचे वर्गही घेतात म्हणे. नापसंत. कारण: लष्करी वातावरण.

९ फेब्रुवारी, रविवार
सापडलं. मोठा हॉल, पुढे कुंपण घातलेलं अंगण, आणि सगळीकडे कॅमेरे. अॅपवर दिवसभर आपला कुत्रा बघता येतो. म्हणजे तो तिकडे आणि माझं लक्ष इकडून. काकूंकडे कसला कॅमेरा? काकूंना मोबाइल चार्ज करायला सांगावं लागतं.
मॅनेजरबाईंनी विचारलं, याला सगळ्यात जास्त काय आवडतं? मी म्हटलं, मी. बाई म्हणाल्या, म्हणजे खेळण्यांमध्ये.

१० फेब्रुवारी, सोमवार
काकूंना आज स्पष्ट सांगणार होतो की तुमच्या लाडांमुळे आमच्या नात्यात अंतर पडलं आहे. शब्द पाठ केले होते. काकूंनी दार उघडलं आणि मी म्हणालो, मला कुत्र्यांची अॅलर्जी निघाली आहे.
काकूंना फार वाईट वाटलं. ठोंब्याचा जुना टॉवेल आणून दिला आणि देता देता त्यानेच डोळे पुसले. म्हणाल्या, त्याची जागा मोकळी ठेवली असती, पण दुसरी माणसं कधीची मागे लागली आहेत. मी म्हटलं, बिनधास्त द्या. ठोंब्याला खाटेखालून काढायला आम्हा दोघांनाही लोळण घ्यावी लागली. काकू म्हणाल्या, सांभाळून, तुम्हाला अॅलर्जी आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नव्या जागी पहिला दिवस. दारात निरोपाचे दोन शब्द बोलायचे ठरवलं होतं, पण ठोंब्या मागे न बघता आत गेला. भावना दाबल्या असणार. माझ्यावरच गेला आहे.
ऑफिसात पोचलो आणि अॅप उघडलं. बघतो तर काय, बाकीची कुत्री हुंदडतायत आणि आमचा ठोंब्या एकटा दारापाशी बसलेला. दाराकडे तोंड करून. कुणी हाक मारली तरी हलत नाही. दोन्ही कान टवकारलेले.
माझी वाट बघतोय.
पाणी प्यायला उठावं लागलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आहे. ठोंब्या आजही दारापाशीच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं. त्याचाही चेहरा पडला. म्हणाला, नशीबवान आहेस, आमच्या घरी मी गेलो काय, राहिलो काय. साहेबांनी रिपोर्ट मागितला. कौटुंबिक अडचण आहे म्हणून सांगितलं. ती आहेच.
एक तक्रार मात्र आहे. तिथे एक उनाड कुत्रं आहे. सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतं, टबात लोळतं, दुसऱ्यांचे बॉल पळवतं. आज ते ठोंब्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलं. कुठल्या घरचं आहे कोण जाणे. वळण कसं ते नाही. मॅनेजरबाईंना फोन करून सांगितलं की तपकिरी पट्टा घातलेलं ते दांडगं कुत्रं दुपारी वेगळं ठेवा. बाईंनी विचारलं, सर, नक्की? मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर.
संध्याकाळी आणायला गेलो तर ठोंब्या बाहेर यायला तयार नाही, उलट मलाच आत ओढतोय. साहजिक आहे. दिवसभर वाट बघून रुसला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कन्येचा व्हिडिओ कॉल. नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य, ठोंब्या कुठाय. नेहमीप्रमाणे मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून बसलो आणि माझा फक्त अंगठा तिला दिसला असेल. पण आज मीही सांगितलं, तो दिवसभर दारात बसून माझी वाट बघतो. कन्या म्हणाली, खरंच बाबा?
इथे लिहायला हरकत नाही, कारण वाचणार मीच आहे. कन्या गेल्यापासून घरी आल्यावर बॅग ठेवली तरी आवाज होत नाही असं वाटतं. कुणीतरी दारात उभं असावं एवढंच माझं म्हणणं होतं. ते आता झालं. हिला बोलून दाखवलं तर ही म्हणाली, जेवायला मी रोज वाट बघते ती दिसत नाही. तो मुद्दा वेगळा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज अर्धी रजा टाकून ठोंब्याला लवकर आणायचं ठरवलं. साहेब नाही म्हणाले. मग निदान कॅमेऱ्यातला फोटो काढून कन्येला पाठवला. खाली लिहिलं: बघ, बापाची वाट बघणारा. उत्तर अजून नाही. गहिवरली असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
उत्तर आलं.
बाबा, हा ठोंब्या नाही. याचे दोन्ही कान उभे आहेत. आणि हा हा नाही, ही आहे.
पुढे लिहिलंय, ठोंब्या मागे टबात आहे बघ, तपकिरी पट्टा, बॉल तोंडात.
फोटो मोठा करून पाहिला. तपकिरी पट्टा. मीच आणलेला. डावा कान पडलेला.
म्हणजे दुपारी जो वेगळा कोंडला जातो, तो.
मॅनेजरबाईंना फोन केला आणि सांगितलं की त्या दांडग्या कुत्र्याला माझ्यातर्फे माफ करण्यात येत आहे. बाई म्हणाल्या, बरं झालं सर, बिचारा रडत होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. इथे मी आपल्यालाच कार्टं ठरवून बसलो. मग विचारलं, ती दारातली कुणाची? बाई म्हणाल्या, ती एका आजोबांची. त्यांच्यासाठीच बसून असते.
आजोबांचा मला काही राग नाही.
हिला अजून सांगितलेलं नाही. हिला ठाऊक आहे असं दिसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ठाम निर्णय: परत काकूंकडे. सकाळी वाट चुकलेला संध्याकाळी घरी आला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही.
गेलो. ठोंब्याच्या जागी एक पांढरं गुबगुबीत कुत्रं होतं. खाटेखाली. काकू म्हणाल्या, आता खरंच जागा नाही हो, कुणी सोडून गेलं तर कळवेन. मग विचारलं, अॅलर्जी कशी आहे? मी शिंकलो. काकूंनी वाफ घ्यायला सांगितलं.
हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलो. पळतं निदान माझं आहे एवढीच जमेची बाजू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
नवीन योजना. कॅमेऱ्यावर विसंबण्यात चूक झाली, प्रत्यक्ष संपर्क हवा. ऑफिसपासून पाळणाघर लांब नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे जायचं, फाटकाबाहेर उभं राहायचं आणि अंगणात खेळणाऱ्या ठोंब्याला रोज दिसायचं. सवय लागली की तो आपोआप दुपारी फाटकाशी येईल. शास्त्रीय पद्धत आहे.
आज एकदा बघितलं त्याने. माझ्याकडे किंवा डब्याकडे.
ती दारातली आली होती फाटकाशी. माझा हात हुंगला आणि परत गेली. मी तिचे आजोबा नाही हे तिला लगेच कळलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
पाळणाघराच्या सेवेत घसरण. फाटकाबाहेरच्या खांबावर त्यांचा एक कॅमेरा आहे, अंगणाकडे रोखलेला. त्यातल्या दुपारच्या क्लिपा मी संध्याकाळी अॅपवर बघतो. गेले दोन दिवस सगळी क्लिप एक टकल्या अडवून उभा आहे. पाठमोरा. जेवतोय बहुतेक. कुत्री दिसत नाहीत, नुसती टाळू. लोकांना उद्योग नाहीत का? दुसऱ्यांच्या पाळणाघराशी काय उभं राहायचं?
मॅनेजरबाईंकडे तक्रार नोंदवली. परक्या इसमांना हटकण्याची व्यवस्था हवी, असं कडक शब्दांत सांगितलं. बाई म्हणाल्या, बघते सर. आवाज घुसमटल्यासारखा येत होता. सर्दी असावी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी फाटकाशी उभा होतो. एका हातात डबा. मोबाइल वाजला. कन्या. भर दुपारी, अवेळी, आणि हिला नाही, मला. इतके महिने झाले, असं कधी झालं नव्हतं.
पहिलं वाक्य ठोंब्या कुठाय हे नव्हतं. म्हणाली, बाबा, तू फाटकापाशी उभा आहेस ना? मी चकित. तुला कसं कळलं? म्हणाली, आईने अॅपचा पासवर्ड दिलाय, मी रोज डबा खाताना बघते. तुझा निळ्या चौकड्यांचा शर्ट ओळखला. आणि डोक्यावरचं ते गोल.
हात मागे नेऊन पाहिला. आहे.
पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. फार बरं वाटलं. पाठमोरा होतो, चेहरा दिसत नव्हता, तरी पोरीने ओळखलं. तीही तिकडे डबा उघडून बसलेली, मीही इकडे. अंगणात ठोंब्या बॉल घेऊन चालला होता. म्हटलं, बोल बाळा.
कन्या म्हणाली, बाबा, जरा डावीकडे सरक ना. ठोंब्या दिसत नाहीये.
सरकलो.