तिसऱ्या मजल्याचं पार्सल

४ तारीख, सोमवार

पार्सल गळतंय! सकाळी वजनकाट्यावर पांढरी भुकटी सांडलेली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आणि चिकटपट्टी इतकी गुंडाळलेली की आत खोका आहे की नुसती पट्टीच, कळेना. अशा वेळी काय करायचं याचं परिपत्रक आमच्या पार्सल विभागाच्या भिंतीवर लावलेलं आहे — हलवू नये, हुंगू नये, चाखू नये, वरिष्ठांना कळवावे. मी विभागप्रमुख, तेव्हा कळवलं. मोठे साहेब आले, पार्सल उचललं, कानाशी धरून खदाखदा हलवलं, मग नाकाशी नेलं. शिंकले. ‘संशयास्पद आहे,’ म्हणाले.

मग अख्खं ऑफिस हुंगायला आलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अंगाला लावायची पावडर असेल. साहेब म्हणाले, अमली पदार्थ! त्यांनी याआधी अमली पदार्थ कधी हुंगलाय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग पत्ता वाचला. मी राहतो तीच इमारत. तिसरा मजला! लपवायचं कशाला, म्हणून लगेच सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण! साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की जणू भुकटी माझ्याच खिशातून सांडलीय.

५ तारीख

पोस्टाने पार्सल उघडायचं नाही, पोलिसांनी उघडायचं. पोलिसांना पत्र लागतं. पत्र मुख्य कार्यालयातून जातं. तोवर पार्सल ज्याच्या टेबलावर, त्याची जबाबदारी. त्यामुळे दिवसभर पार्सल फिरत होतं. मी जेवून आलो तर माझ्या टेबलावर. मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी बाईंच्या. बाईंनी पुन्हा माझ्या, वर रुमाल झाकून! इतका प्रवास तर त्याने इथे येईपर्यंतही केला नसेल.

शेवटी हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं, वर लाखेचं सील. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर बैठक. कुणाच्याच अंगाशी येऊ नये म्हणून किल्लीही आतच ठेवावी, असं साहेबांनी सुचवलं. सर्वांनी माना डोलावल्या.

८ तारीख

अमली पदार्थ पथक आलं. प्रमुखांना केवढी मिशी! आम्ही सगळे त्यांना मिशीसाहेबच म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. छत्र्यांच्या खोलीचं कुलूप तोडलं, पार्सल उघडलं, भुकटीचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडला, बाकी माल जप्त केला. आता रिकाम्या खोक्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी भरून ते पुन्हा पत्त्यावर पोचवायचं, म्हणजे घेणारा रंगेहाथ सापडतो. भरायचं काय? पथकाकडे तरतूद नाही. शेवटी आमच्याकडचे न वाचलेले तक्रार अर्ज भरले. अर्जांचा एकदाचा उपयोग झाला. शिवाय ते आता कुणालातरी पोचणार!

मग बेत समजावला. पोस्टमनच्या वेषात मिशीसाहेब जाणार. सही करून जो पार्सल घेईल, तो आत.

मी म्हटलं, ‘अहो, पण आमच्या इमारतीत सगळ्यांची पार्सलं माझी आईच घेते!’

खरंच घेते. आम्ही तळमजल्यावर. पोस्टमनचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून जिना चढणं त्याने सोडलंय. वरच्यांची सगळी पार्सलं आईकडे. सोफ्यावर पार्सलं, वॉशिंग मशीनवर पार्सलं. ती सही ठोकते, आणि लोक संध्याकाळी घेऊन जातात.

मिशीसाहेब म्हणाले, ‘मग आईला यातलं काही सांगू नका. सांगितलंत तर कारवाई फुटली, आणि फोडणारे तुम्ही.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर आई आत. नियम आहे. काळजी करू नका, महिला कोठडी नुकतीच रंगवलीय.’

९ तारीख

आई हट्टी आहे. आडून आडून सांगून पाहिलं. ‘आई, लोकांची पार्सलं घेणं बंद कर आता. वय झालं तुझं.’

‘पार्सल घ्यायला काय मी डोंगर चढते?’

‘कुणाच्या पार्सलात काय असेल, सांगता येतं का?’

‘मी कुणाच्या पार्सलात नाक खुपसत नाही. तुमच्या पोस्टासारखी नाही मी.’

या बाईला कोठडीत टाकलं तर दोन दिवसांत कोठडी झाडून घेईल आणि हवालदारांना शिस्त लावेल, हे मला ठाऊक आहे. पण तिचं हृदय नाजूक आहे. गोळ्या वेळेवर कोण देणार? लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. तिला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं? भीती वाटते. खूप वाटते.

तिसऱ्या मजल्यावरच्याविषयी विचारलं. ‘किती गुणी पोरगा!’ म्हणाली. ‘जिन्यात भेटला की हातातली पिशवी घेतो. तुझ्यासारखा फोनमध्ये डोकं घालून जात नाही.’

१२ तारीख

आज कारवाई होती. मी युक्ती केली, रजा टाकून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पाच तास बसवून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हिची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. परत येऊन फोन केला तर कारवाई पुढे ढकललेली. पथकाची गाडी मिशीसाहेबांच्या मेहुण्याच्या सामानाला गेली होती!

१५ तारीख

आज पुन्हा नेमलं होतं. मी आईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पुन्हा रद्द. पोस्टमनचा गणवेश मिशीसाहेबांच्या पोटावर बसेना.

१६ तारीख

आई विचारते, ‘मला काही मोठा आजार झालाय का रे? खरं सांग. रोज एका डॉक्टरकडे नेतोयस.’ डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आता कोणता डॉक्टर उरलाय?

१८ तारीख

उद्या नक्की, म्हणे. गणवेश उसवून मोठा केलाय. मला मात्र उद्या रजा नाही, साहेबांनी मुद्दाम अडवली. ‘तुम्ही ऑफिसात हजर असलेले बरे. संशय नको.’

सांगितलं आईला. सगळं. इकडे आड, तिकडे विहीर, तर आईला काठावर ठेवून मी विहिरीत. नोकरी गेली खड्ड्यात! म्हटलं, ‘उद्या एक पार्सल येईल, ते घेणाऱ्याला पोलीस धरणार आहेत. पार्सल घेऊ नकोस. आणि मी सांगितलं हे कुणाला बोलू नकोस. कुणालाच!’

ती म्हणाली, ‘मी काय चहाटळ आहे?’

१९ तारीख

अरे देवा.

मिशीसाहेबांच्याच तोंडून ऐकलं. बेल वाजवली. आईने दार उघडलं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, ‘तू पोस्टमन नव्हेस. आमचा पोस्टमन बेल वाजवत नाही, पायरीवर बसून हाक मारतो. आणि त्याच्या बुटांना पॉलिश नसतं.’

तरी त्यांनी पार्सल पुढे केलं. तर ही म्हणते, ‘माझा मुलगा पोस्टात साहेब आहे. त्यानेच बजावलंय, आज पार्सल घेतलं की पोलीस धरतात. कुणाला सांगू नकोस म्हणालाय, म्हणून तुलाच तेवढं सांगते. तूसुद्धा जपून राहा, बाळा. ते पार्सल टाकून दे कुठेतरी.’ वर पाणी प्यायला दिलं!

वरच्या मजल्याला कुलूप. तो गुणी पोरगा गायब. आणि फोडणारा मी.

घरी आलो. रागावणार होतो. तर ती म्हणाली, ‘बघ, घेतलं नाही हं मी.’ जेवलो.

२१ तारीख

कारणे दाखवा नोटीस. ‘आपण शासकीय गुपित आईस का सांगितले?’ उत्तर लिहिलं — ‘आई असल्यामुळे.’ खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

ऑफिसात कुणी बोलत नाही. बाईंनी माझ्या खुर्चीशेजारून आपली खुर्ची हळूच सरकवली. परवापर्यंत माझ्या डब्यात हात घालत होत्या! सगळ्यांनाच आता आठवतंय की मी पहिल्यापासून संशयित वाटत होतो.

२५ तारीख

मिशीसाहेबांचा नवा तर्क ऐका. तिसरा मजला हा बनाव, खरा म्होरक्या मी! पोस्टात मी, पत्ता माझ्या इमारतीचा, घेणारी माझी आई. ऐकताना मलासुद्धा क्षणभर पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! प्रयोगशाळेचा अहवाल मात्र आला — माल अस्सल. साहेबांनी लगेच जाहीर केलं की ते त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. नाकाने.

२८ तारीख

उद्या घराची झडती. मिशीसाहेब म्हणाले, ‘कुत्रा घेऊन येऊ.’ मी सगळ्यांसमोर ठणकावलं, ‘कुत्राच काय, हत्ती आणा! काही सापडलं तर मी स्वतः हात पुढे करतो.’ बाईंनी खुर्ची थोडी परत सरकवली. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मोठे साहेबसुद्धा म्हणाले, ‘मला वाटतंच होतं, तुम्ही तसे नाही.’

आईला सांगितलं, उद्या माणसं येतायत. ‘मग घर आवरायला हवं,’ म्हणाली.

२९ तारीख, सकाळ

आई झाडू घेऊन खोलीत आली. ‘अरे, पाय वर घे. ती माणसं येतायतच, तर त्यांनाच देऊन टाकू का? तिसऱ्या मजल्यावरच्याची आधीची पार्सलं. तुझ्या कॉटखाली ठेवलीत. सोफ्यावर अडचण व्हायची, आणि तो न्यायला आलाच नाही.’

दारात गाडी थांबली. कुत्रा भुंकतोय.