बाच्या मापाची लाकडं

राई, भाईंदर
चैत्र वद्य चतुर्थी, १९६८

तीर्थरूप सौ. रुक्मिणीआक्काच्या पायांवर धाकट्या काळूरामाचं डोकं. (समोर असतीस तर खरंच ठेवलं असतं, पण सध्या मान वाकत नाही. कारण पुढे येईल.)

इकडे सगळे ठीक आहोत, आणि बा तर जरा जास्तच ठीक आहे. तिकडे दाजींचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का, आणि पारडी झाली की रेडा? लेक बाळंतीण झाल्यावर तुझं जेवणाकडे लक्ष राहत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा वेळेवर जेवत जा. वखारीतला तो चोरटा वॉचमन दाजींनी काढला की अजून पोसताहेत? असो. चोरीचा विषय निघालाच आहे तर आता मुद्द्यावर येतो.

तुझं पत्र पोचलं. एका तारेत 'बा सीरियस' आणि पाठोपाठच्या तारेत 'येऊ नका, बा उठला' असं वाचून तुझी काय अवस्था झाली असेल, ते मी समजू शकतो. तू लेकीच्या बाळंतपणात अडकलीस म्हणून तुला काही बघता आलं नाही, आणि चंपाआत्याने तुला काय काय कळवलं असेल कोण जाणे. आत्याचा माझ्यावर पहिल्यापासून दात आहे. अडतीस वर्षांचा घोडा झाला तरी अक्कल आली नाही, हे ती माझ्या अठराव्या वर्षापासून म्हणते आहे, फक्त आकडा बदलते. तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐक.

तार आली तेव्हा मी मुंबईला टॉकीजमध्ये मॅटिनीची गिऱ्हाइकं बसवत होतो. तार इंग्रजीत, म्हणून मॅनेजरला दाखवली. तो म्हणाला, वडील जातायत, पळ. मी तसाच निघालो. (म्हणजे इंटरव्हलनंतर. मध्येच बॅटरी टाकून गेलं की लोक अंधारात एकमेकांच्या मांडीवर बसतात, मग मारामाऱ्या होतात.) भाईंदरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. मिठागरातल्या वाटेने झपाझप चाललो होतो. आई गेली तेव्हा मी उशिरा पोचलो होतो, आक्का, तू मला त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस, ते मला अजून टोचतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही असं घोकतच निघालो होतो, देवाशपथ. आणि देवळामागे नाथा भेटला.

नाथा आता ग्रामपंचायतीचा मेंबर आहे, डोक्यावर केस उरले नाहीत, थोरली सावित्री सातवीत गेली. पण त्या दिवशी होळी होती आणि हा गृहस्थ धोतर खोचून, गावातली पोरं मागे घेऊन लाकडं चोरायला निघाला होता. तुमच्या नागोठण्याला काय रीत आहे मला माहीत नाही, पण आपल्याकडची तू विसरली नसशील. होळीचं लाकूड मागायचं नाही, चोरायचं. आणि एकदा ते होळीवर चढलं की मालकाने बोंब मारावी, सात पिढ्या उद्धराव्या, पण लाकूड उतरवायचं नाही, ते होळीबाईचं झालं. नाथा रडवेला होऊन सांगत होता की शेजारच्या मुर्ध्याची होळी यंदा आपल्याहून पुरुषभर उंच आहे. मी म्हटलं, मला घरी जायचंय, बा सीरियस आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, जा तू. पण असं म्हणाला ना, की जणू काही राई गावाची अब्रू माझ्याच पिशवीत होती आणि मी ती घेऊन चाललो होतो!

म्हटलं, दोनच मिनिटं. आमच्या मिठागरावरच्या खोपटात काहीतरी लाकूडफाटा असतोच. नाथा म्हणाला, तिथे तुझ्या बाने कुलूप घातलंय. (आता मला सांग, कुलूप म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करायचं?) मागची फळी लहानपणी मीच सैल केली होती, ती अजून तशीच सैल आहे. आत पाहतो तर काय! आंब्याचं लाकूड, खडखडीत वाळलेलं, साल काढलेलं, एका मापाने तोडलेलं, गोणपाटात गुंडाळून वर ताडपत्री. मला अगदी भरून आलं. म्हटलं, काय टापटिपीचा माणूस आहे आपला बा! ही लाकडं इतकी जपून कशाला ठेवली असतील, हा विचार मला शिवला नाही. सगळ्यांत जड ओंडके मी स्वतः मानेवर वाहिले. (मान आखडली ती अशी.) आपली होळी मुर्ध्याच्या वर गेली, पोरांनी माझ्या नावाने बोंब ठोकली, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की मी बाला शेवटचं भेटायला आलो आहे.

घरी गेलो. ओसरीवर पाहुणे. मामा डहाणूहून पांढरं कापड बरोबर घेऊनच आला होता. आत बा खाटेवर, डोळे मिटलेले, उशाशी तुळशीचं पान घेऊन आत्या. मी पाय धरले तसे बाने डोळे उघडले, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि आक्का, मला रडू आवरेना. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं हळूहळू बोलू लागला. म्हणाला, माझी कुणी काळजी करू नका. भर श्रावणात शेजारचा कोळेकर गेला तेव्हा ओल्या लाकडांवर तो दोन दिवस धुपत राहिला, ते मी पाहिलंय. म्हणून मी माझी लाकडं दहा वर्षं आधीच जमवून, माझ्या मापाने तोडून खोपटात ठेवली आहेत. कुणाला तरास नाय. असं म्हणून त्याने समाधानाने डोळे मिटले.

मी गप्प बसलो असतो. माणूस सुखाने जातोय तर जाऊ द्यावं, एवढी समज मलाही आहे. पण तेवढ्यात तो मेंबर दारात आला आणि खोपटाची सैल फळी माझ्यापुढे धरून, ही कुठे ठोकायची रे काळ्या, असं विचारू लागला. बाने एक डोळा उघडला. फळी पाहिली. मग माझ्या विजारीला चिकटलेला आंब्याचा भुसा पाहिला. आणि जो माणूस पंधरवडाभर कुशीवर वळला नव्हता तो उठून बसला. पुढचं जे बोलला ते शिमग्याचा दिवस होता म्हणून खपलं, कागदावर लिहिता येण्यासारखं नाही. आत्याच्या हातातलं तुळशीचं पान खाली पडलं. बाने काठी घेतली, मामाने आणलेलं पांढरं कापड खांद्यावर टाकलं आणि निघाला. पुढे बा, मागे मी, माझ्यामागे रडायच्या तयारीने आलेले सगळे पाहुणे.

होळीजवळ गेला आणि चढून बसला! वर, एरंडाच्या फांदीला धरून. म्हणाला, लाकरां माजी हायत, माज्या मापाची हायत, आता हितंच पेटवा.

गाव जमलं. चंद्र वर आला. मुर्ध्याची होळी लागलेली मिठागरापलीकडून दिसत होती आणि तिथली पोरं आपल्या नावाने बोंबलत होती. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याची लाकडं परत द्या. म्हाताऱ्या मंडळींनी कानांवर हात ठेवले. चढलेलं लाकूड उतरवलं तर गावावर अरिष्ट येईल. मग लोक म्हणाले, निदान म्हाताऱ्याला तरी उतरवा. तर बाळ्या पाटील, तू ओळखतेस त्याला, डोकं खाजवून म्हणाला की तेही कसं करायचं, तोसुद्धा चढलाच आहे, आता तोही होळीबाईचा झाला. यावर तासभर वाद झाला. दोन माणसं खरंच त्याच्या बाजूने होती! मी खालून हात जोडून ओरडत होतो, बा, उतर, मी तुला नवी लाकडं आणून देतो, चंदनाची देतो. बा वरून म्हणाला, तू? तू मना नांगराचा दांडा आनून देनार व्हतास, तो पन अजून येतोय.

शेवटी पंचांनी निवाडा दिला. लाकडं होळीची. ज्याने चोरली त्याने तेवढीच, तसलीच, बाच्या पसंतीची लाकडं भरून द्यायची, आणि देईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. बाने वरूनच विचारलं, आन् मधीच मी मेलो तं? पाटील म्हणाला, तर मरू नका. बाने थोडा विचार केला, बरं म्हणाला आणि उतरला. नारळ त्याच्याच हातून होळीत टाकवला. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. पेज गिळत नव्हता तो माणूस! मामा मात्र रुसून गेला. पुन्हा तार केलीत तर येणार नाही म्हणतो, आणि कापड घेऊन गेला.

तेव्हापासून मी इथेच आहे. रोज पहाटे बा मला उठवतो, मिठागरावर नेतो आणि बांधावर बसून शिव्या घालतो. मी मीठ ओढतो. (हाताला फोड आलेत, त्यात मीठ जातं, कल्पना कर.) दुपारी आम्ही लाकडं बघायला जातो. बाभूळ दाखवली तर म्हणाला, टोचंल. नाथाने आंबा तोडून दिला तर ओला म्हणून परत. एका ठिकाणी लाकूड बरं होतं, तर बा त्यावर चक्क आडवा झाला, दोन कुशी बदलल्या, आणि कमरेशी गाठ येते म्हणून उठला. वखारवाला अजून थरथरतोय. डॉक्टर म्हणतात, नाडी घोड्यासारखी चालते आहे, औषध कोणतं देता? टॉकीजच्या मॅनेजरने माझ्या जागी आपला मेहुणा लावला.

तरी आता बाने फर्मावलं आहे की दाजींची वखार असताना दारोदार फिरायचं कशाला. तेव्हा दाजींनी आंब्याचं लाकूड, वाळलेलं, बिनगाठीचं, पाच फूट चार इंचांच्या मापाने तोडून पडावात घालून खाडीने पाठवावं. लवकरात लवकर पाठवावं. (बा समोर बसून ऐकतोय, लिही म्हणतोय, 'वाट बगतोय'.) बा वाट बघतोय.

पोरांना गोड पापा, दाजींना दंडवत.

तुझा
काळूराम

ता. क. : बा विहिरीवर गेला आहे, म्हणून घाईत लिहितो. आक्का, तुझ्या पाया पडतो, लाकडं पाठवू नकोस. लाकडं आली की हा माणूस त्यांच्यावर आडवा होईल, गाठ नाही म्हणेल, आणि डोळे मिटेल. मी त्याला ओळखतो, दिलेला शब्द पाळतो तो. लाकूड मिळत नाही तोवर तो जगणार आहे. दाजींना म्हणावं, कळवा की आंबा संपला, पडाव बुडाला, काही पण कळवा. मी मीठ ओढतोय, माझं बरं चाललंय.

ता. क. दुसरा : पत्र टाकायला बा स्वतः भाईंदरला चालत निघाला आहे. मला जाऊ देत नाही, वेस आड येते म्हणतो. वाचता येत नाही ते एक बरं.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

रुक्मिणीआत्या, मी नाथांची सावित्री. धर्माजीआजोबा पत्र टाकायला जाताना आमच्याकडे थांबलेत. ते सांगतात तसंच्या तसं लिहिते.

रुक्मे, आत काय लिवलंय त्याच्याकरं बगू नको. लाकरां धाडू नको. लाकरां आली का ह्यो मुंबैला पलंल. येवरी वर्सां झाली, पयल्यांदा घरान हाय. भाकर बी माज्या संगतीन खातो. दाजीला सांग, लाकूड वलं हाय, सुकाला टाइम लागंल. मना काय घाई न्हाय. पन त्याला यातलं काय सांगू नको.