दंडावरचा कापूस

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. फ्लूच्या संशोधनात उभी हयात घालवलेल्या माणसाचे विचार कुठेतरी नोंदलेले बरे.
लेकीचे दिवस पुढच्या महिन्यात भरतात. तिने फोनवर सगळ्यांना बजावलंय, यंदाची फ्लूची लस न घेतलेल्याने बाळाला हात लावायचा नाही. बायको म्हणाली, तुमचीच मुलगी शोभते. ऊर भरून आला. मग लक्षात आलं, हा नियम मलाही लागू आहे. आजची नोंद इथेच थांबवतो.

४ ऑक्टोबर
भीती वगैरे काही नाही. लॅबमध्ये रोज कोंबडीच्या अंड्यांत सुईने विषाणू सोडतो, तो आत वाढतो, त्यातूनच लस होते. हजारो अंडी टोचली. एकाचीही तक्रार नाही. फक्त सुईचं टोक माझ्याकडे वळलं की जरा गरगरतं. तो ब्लडप्रेशरचा भाग.
लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात. भरपूर वेळ आहे. सोमवारी नक्की.

७ ऑक्टोबर, सकाळी
निघालो.

दुपारी
दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो. स्पिरिटचा वास आला. हातपाय गार. अशा अवस्थेत लस घेणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. परत आलो.

१२ ऑक्टोबर
संस्थेत लसीकरण. संचालकबाईंनी पोस्टरसाठी मलाच निवडलं. माणसांची पारख आहे बाईंना.
सिस्टरने सुई काढली आणि मला समोरची भिंत दिसेनाशी झाली. फोटोग्राफरला समजावलं की सुईचा फोटो पाहून लोक बिचकतात, टोचून झाल्यावरचा काढ. बाही वर, दंडावर कापसाचा बोळा, चेहऱ्यावर हसू. फोटो झकास. सिस्टर म्हणाली, आता लस. म्हटलं, हात धुऊन आलोच. तो थेट घरी.
बायकोने विचारलं, घेतली का. मी दंड चोळला. खोटं बोललो नाही.

१९ ऑक्टोबर
पोस्टर गावभर. माझ्या हसऱ्या चेहऱ्याखाली: मी घेतली, तुम्ही? जावई सांगत होता, ते पाहून विहीणबाईंनी तडक जाऊन लस घेतली. जनजागृती म्हणतात ती हीच.
माझी सोमवारी.

२८ ऑक्टोबर
सोमवार गेला. मीटिंग होती. तशी लांबची होती, पण होती.
एकदा वाटलं, बायकोला सांगावं की माझा हात धर, मी डोळे मिटतो. पण जन्मभर लसीवर भाषणं ठोकून आता कुठल्या तोंडाने सांगू? लेकीला लस द्यायला मीच नेलं होतं. गरोदरपणात फ्लू किती वाईट, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तिला टोचलं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. ती हसत होती.

४ नोव्हेंबर
लेक येऊन गेली. जाताना जवळ घेतलं. घसा खवखवतोय. एसी फार थंड ठेवतात.

५ नोव्हेंबर
ताप. अंग ठेचल्यासारखं. धुळीची अ‍ॅलर्जी असावी.

संध्याकाळी
अ‍ॅलर्जी नाही. फ्लूच. आणि काल मी लेकीला जवळ घेतलं.
आता खरं लिहितो, फार घाबरलोय. कधीकाळी वॉर्डात पाहिलेल्या, श्वासासाठी धडपडणाऱ्या गरोदर बायका डोळ्यांपुढून हलत नाहीत. जावयाला सारखे फोन केले, तिला ताप आहे का, दम लागतो का. शेवटी तो म्हणाला, बाबा, लस घेऊनही एखाद्याला होतो, मनाला लावून घेऊ नका. मी हो म्हटलं.

७ नोव्हेंबर
माझ्या नाकातल्या नमुन्याचा रिपोर्ट आला. यंदाच्या लसीतलाच विषाणू. मीच अंड्यांत वाढवलेला. असिस्टंट फोनवर म्हणाली, सर, तुमचा नमुना सुरेख आहे, या हंगामातला पहिलाच. अभिनंदन करत होती बहुतेक.
लेकीला ताप नाही. तिने लस घेतली होती. पांघरुणात तोंड खुपसून रडलो.

९ नोव्हेंबर
नात झाली. दोघी सुखरूप.
राहवलं नाही. मास्क लावून गेलो, लांबूनच बघणार होतो. हॉस्पिटलच्या दारावरच्या पोस्टरात मी, बाही वर करून हसतोय, खाली हॉस्पिटलने आपली सूचना चिकटवलेली. मला खोकला आला. वॉचमनने पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सलाम ठोकला आणि आदराने बाहेर काढलं. म्हणाला, साहेब, खोकणाऱ्यांना आत सोडत नाही, तुमच्याच फोटोखाली लिहिलंय.
बागेच्या बाजूने खिडकीपाशी गेलो. आत विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नातीने जांभई दिली. बंद काचेतून तेवढी दिसली.
बायको बाहेर आली, माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. म्हणाली, संस्थेतल्या सिस्टरचा फोन महिन्यापूर्वीच येऊन गेला. विचारत होती, साहेबांचे हात धुऊन झाले का.
मी मास्क आणखी वर ओढला. तीच म्हणाली, बरे झालात की मी येते बरोबर, हात धरते.
सोमवारी जायचं ठरलंय.