साग्रांतिनोच्या टेबलावर

प्रिय रत्नमालाताई,
ऑस्ट्रेलियाहून तुझ्या अभयचा जय भीम.

आधीच सांगतो, मी ठीक आहे. भुवईवर चार टाके पडलेत, पण डोळा वाचला. आईला यातलं काही सांगू नको. तिची शुगर आता कशी आहे?

आमच्या मळ्यात इटलीची, फारशी कुणाला माहीत नसलेली द्राक्षं लावलीत. रविवारी मी पाहुण्यांना त्या द्राक्षांच्या लाल वाइन चाखायला देत होतो. त्यातली साग्रांतिनो लई तुरट, कच्च्या जांभळावानी जीभ आवळते. चाखणाऱ्यांत एक गृहस्थ आपल्या संभाजीनगरचेच निघाले. मराठी ऐकून खूश झाले. मी उस्मानपुऱ्याचा म्हटल्यावर घर कुठं, आडनाव काय, असं विचारत गेले. मी सांगितलं.

त्यांनी ग्लास बाजूला सारला. "दुसऱ्या कुणाला ओतायला सांग," म्हणाले. मी कारण विचारलं, तर जात काढली आणि आईवरून शिवी दिली.

मी थोबाडीत मारली. त्यांनी बाटली माझ्या कपाळावर फोडली. मग मी त्यांना खाली पाडलं, छातीवर बसलो आणि दात पडला तरी मारत राहिलो. शेवटी मळ्याच्या मालकीणबाईंनी मला ओढून काढलं. पोलिसांनी दोघांचे जबाब घेतलेत. काम जाणार नाय, असं बाई म्हणतात.

ताई, त्या थोबाडीत मारल्याचं मला वाईट वाटत नाय. पण त्यांची बायको "सोड रे लेकरा, मरतील ते," असं ओरडत होती. मला सगळं ऐकू येत होतं, तरी मी थांबलो नाय.

तुझाच धाकटा,
अभय