सीटखालचा सैल नट

अप्पा,

आज दुपारी मंद्रूपच्या रस्त्यावर आपल्या दुकानातून गेलेली एक गाडी पेटायची राहिली. आत चार माणसं होती, त्यातलं एक सहा महिन्यांचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी बॅटरी सोडव, मग रडत बस." सोडवली, अप्पा. कुणाला काही झालेलं नाही. आता शटर अर्धं ओढून तुमच्या बाकावर बसले आहे आणि जुन्या वायरिंगच्या नकाशामागं हे लिहिते आहे. अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत. एवढी मी कधी घाबरले नव्हते. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा नाही, कारण त्या दिवशी करायला खूप कामं होती.

तुम्हाला ठाऊक नाही अशी एक गोष्ट आधी सांगायला हवी. मला वास येत नाही. अडीच वर्षांपूर्वी चार दिवस ताप आला, तो उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. कळलं ते दुधामुळं. मी स्वयंपाकघरात खाली बसून भाकरीचं पीठ मळत होते, वर शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं झालं, आणि बाहेरच्या खोलीतून नवरा धावत आला. "अगं, हितंच बसलीयास की!" म्हणाला. मी म्हटलं, विचारात होते. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाही आला तर सवय होईल. मग महिनाभर घरातल्यांनी कांदा, कापूर, शेंगाचटणी नाकाशी धरून माझी परीक्षा घेतली. शेवटी कंटाळून मी सांगून टाकलं, आला बाबांनो, परत आला वास. तेव्हापासून कुणी उदबत्ती लावली की मी न चुकता "छान आहे" म्हणते. दुकानात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बाई गाडीचं वायरिंग करते हे पचवायला या रस्त्याला दहा वर्षं लागली, त्यात नाक गेलेली बाई कोण पचवणार?

आणि तुम्ही तर मला काम शिकवलंत तेच नाकानं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही आईच्या शेगडीशी उकिडवे बसला आहात, चिमट्यात वायरचा वीतभर तुकडा धरलेला, आणि मला म्हणताय, "डोळे मीट. आता नोडु, हे काय जळतंय?" डोळे मिटायला सांगून वर कानडीत 'बघ' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्लास्टिक घशाला लागायचं, रबर केस जळल्यासारखं यायचं, जुन्या गाड्यांची कापडी वायर गोणपाटासारखी. चुकले की परत नवा तुकडा. आई तव्यावरची भाकरी उलटत ओरडायची, "ही चूल हाय का तुमचं गॅरेज? पोरीच्या ताटात टायर वाढू का आता?" तुम्ही हसून म्हणायचात, "भाकरी रोज हाय, नाक एकदाच शिकतंय." आई खिडकी धाडकन उघडायची आणि तुम्ही चिमटा घेऊन मुकाट्यानं अंगणात जायचात.

तुमचा ओरडा मात्र मी एकदाच खाल्ला, पण पोटभर. पंधरा वर्षांची होते, एका जीपला मोठे दिवे बसवले होते आणि न तपासताच बॉनेट लावून मोकळी झाले. "फ्यूज टाकलाय की अप्पा, काय होतंय?" म्हटलं. तुम्ही बॉनेट परत उघडलंत आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोललात, "फ्यूज जादा करंट पकडतोय. सैल जोड कोण पकडणार, तुझा बाप?" मग स्वतःच्याच बोलण्यावर तुम्हाला हसू आलं, पण तुम्ही ते गिळलंत. सैल जोडातून करंट वाढत नाही, नुसती जागा तापत राहते, फ्यूज ढिम्म बसतो, आणि आत कुठंतरी वायर शिजायला लागते. म्हणून तुमचा नियम होता की काम झालं की अर्धा तास सगळं पूर्ण जोरात चालवायचं आणि नाक खाली घालून गाडीभर फिरायचं. हाताला कळायच्या आधी नाकाला कळतं, असं तुम्ही म्हणायचात. हा नियम मी कधी मोडला नव्हता. नाक गेल्यावर मी त्याच्या जागी तळहात वापरायला लागले, प्रत्येक जोडावर हात ठेवून बघायचं, आणि अडीच वर्षं तेवढ्यावर निभावलं.

आजची गाडी मंद्रूपच्या एका खत दुकानदाराची. बायको, बाळ आणि म्हातारी आई, सगळे बाळाला डॉक्टरकडं दाखवायला सोलापुरात आलेले, आणि जाता जाता मागं मोठा ॲम्प आणि वूफर बसवून घ्यायचा होता. काम मी चांगलं केलं, अप्पा, ते तरी कबूल करा. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घेतला, तोही वायरच्या जाडीला झेपेल तेवढाच. इंजिनाच्या बाजूनं आत येताना पत्र्याला भोक पाडलं तिथं रबरी बुश बसवला, म्हणजे पत्र्याची धार वायरला कापणार नाही. तापणाऱ्या पाइपापासून आणि पायाच्या पेडलपासून वायर लांब ठेवली, एका दाराच्या पट्टीखालून मागं नेली आणि गाण्याची बारीक वायर दुसऱ्या बाजूनं. मग मागच्या सीटखाली अर्थचा जोड. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वायरच्या टोकाला लग, म्हणजे नटात अडकायचं कडं, बसवलं, नट दोन बोटांनी फिरवला आणि पाना आणायला उठले.

तेवढ्यात गाडीवाल्यानं पुढून हाक मारली. "ताई, ह्यो फ्यूज बॅटरीजवळच कशाला? मागं ॲम्पजवळ बसवला तर न्हाय चालत का?" इतका चांगला प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी गेले आणि मास्तरीण झाले. त्याला सांगितलं की फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वाटेत कुठं ती घासली, उघडी पडून पत्र्याला टेकली, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला राखणदार नसतो, म्हणून तो तुकडा वीतभरच ठेवायचा. तो मान हलवत होता, मला बरं वाटत होतं, वाक्यं तुमची होती. परत आले आणि सीटखाली नवं कार्पेट अंथरून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

बाळ रडायला लागलं म्हणून अर्ध्या तासाच्या जागी पाव तासच चालवलं. बॅटरीवर हात ठेवला, फ्यूजवर ठेवला, ॲम्पच्या जोडांवर ठेवला. सगळं गार. कार्पेटखाली हात जात नव्हता, तिथं नाकच लागतं. म्हातारी मागच्या सीटवर बसली होती. म्हणाली, "बाई, कसला तर वास याला लागलाय. जळल्यावानी." मी खाली वाकले, दोनदा जोरात श्वास ओढला, आणि म्हणाले, "नव्या कार्पेटचा हाय आज्जी. दोन दिसात जाईल." एवढं खोटं इतक्या गोड आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. गाडी गेली.

अर्ध्या तासानं शेजारचा पंक्चरवाला जेवून परत आला. दुकानात डोकावून म्हणाला, "दीदी, क्या जलाए? जलने की बास आरी." दुकानात मी सकाळपासून काहीच जाळलं नव्हतं. तो नाक वाकडं करून आपल्या कामाला लागला, आणि मी वळून पाहिलं तर त्या नटाचा पाना टेबलावर होता, सकाळी ठेवला होता तिथंच. तो हातात घेतल्याचं मला आठवेना. फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, पाचव्यांदा लावला. मीच बसवलेल्या आवाजात त्याला माझा फोन ऐकू येत नव्हता.

मंद्रूपकडं जाणाऱ्या विजापूर रोडला स्कूटर जेवढी पळते तेवढी पळवते आहे. हत्यारांची पिशवी पायात आहे आणि डोळ्यांसमोर मागचं सीट. म्हातारी तिथं बसली आहे, अगदी त्या नटावर, आणि तिच्या मांडीवर बाळ असेल. समोर डाव्या हाताला धूर दिसतो. काळा नाही, पांढरट आहे, पण मला तेवढं बघायला सुचत नाही, ब्रेक लागत नाही असं वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं, कुणीतरी उसाचं पाचट पेटवलंय. धुराच्या आतून गेले तरी मला काही जाणवत नाही, फक्त डोळे चुरचुरतात. तोंडानं देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही येईना, नुसतं "थांबा, थांबा" येत होतं. गाडीवाल्याला म्हणत होते की नटाला, कुणास ठाऊक.

मंद्रूप पाच-सहा किलोमीटर राहिलं असताना गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, चारही दारं सताड उघडी, आत कुणी नाही. मी स्कूटर स्टँडवर लावली नाही, सोडून दिली. मग आवाज ऐकू आले. कडुनिंबाखाली म्हातारी पाय पसरून बसली होती, शेजारी सून बाळाला खांद्यावर घेऊन, आणि मुलगा समोर उभा राहून विनवत होता.

"म्या न्हाय बसत त्यात. तू जा तुझं गाणं घिऊन."

"अगं आये, ताई म्हणाल्या की कार्पेटचा वास हाय. त्यांना कळत न्हाय व्हय?"

"तिला कळू दे न्हाय तर न कळू दे. नाक माझं हाय."

मी आधी बॅटरी सोडवली. मग सीटखालचं कार्पेट उचललं. खालचा नमदा तळहाताएवढा वितळून काळा झाला होता, लग निळं पडलं होतं, वायरचं प्लास्टिक आक्रसून मागं सरकलं होतं. नट मी बोटानं फिरवला आणि तो फिरला. त्याच्या बरोबर वर, सीटवर, बाळाच्या दुपट्यांची पिशवी होती. ती मी उचलून बाहेर ठेवली. म्हातारी उठून जवळ आली, वाकून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुला आला न्हाय व्हय वास?"

"न्हाय आला, आज्जी."

"सर्दी झालीया का?"

"व्हय."

पहिलं उत्तर खरं होतं, दुसरं नाही, आणि दोन्ही एकाच श्वासात निघाली. मग मी वायर मागं कापली, नवं लग दाबलं, पत्रा परत घासला आणि नट जीव खाऊन आवळला. गाडी सुरू करून अर्धा तास पूर्ण जोरात चालवली. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, वरातीसारखा आवाज. आणि मी म्हातारीला म्हटलं, "आज्जी, तुमचं नाक लई चांगलं हाय. जरा वाकून बघता का सगळीकडं?" ती इतकी खूश झाली, अप्पा! पदर खोचून बॉनेटमध्ये वाकली, सीटखाली वाकली, डिक्कीत वाकली. "हितं न्हाय. हितं बी न्हाय. हितं पेट्रोलचा हाय, त्यो चालतोय." तिच्या मागं मागं मी चालत होते.

निघताना तो मुलगा हात जोडून म्हणाला, "ताई, गाडी दुकानातनं भाईर पडली की कोण वळखत न्हाय. तुमी इतक्या लांब पळत आला." मला वाटलं होतं शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित खरं बोलले असते. त्यानं माझ्यासमोरच कुंभारी गावच्या मित्राला फोन लावला, त्यालाही ॲम्प बसवायचा आहे. म्हणाला, "उद्या दहाला जा. डोळं झाकून गाडी दे." मी मान हलवली.

परत येताना मला तुमच्या शेवटच्या वर्षातला तो दिवस आठवला. तुमच्या अंगठ्यातला जोर गेला होता. आठवड्यात दोनदा तुम्ही आवळलेले नट मला सैल सापडले, ते मी गुपचूप आवळले. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक उभं असताना मी तुमच्या हातातला पाना काढून घेतला आणि तुमच्याच कानडीत म्हटलं, "अप्पा, साकु. पुरे आता, तुम्ही घरी बसा." तुम्ही भांडला नाहीत. फडक्याला हात पुसलेत, सदरा चढवलात आणि चालत घरी गेलात, आणि परत दुकानाची पायरी चढला नाहीत. मी केलं ते बरोबरच होतं, आजही म्हणते. पण आज पहिल्यांदा वाटलं, तुम्हाला माझ्या आधीच कळलं असेल का? माझ्यापासून लपवून तुम्हीही रोज सकाळी असेच घाबरत शटर उघडत होतात का? मी विचारलं नाही. विचारायला मला वेळच नव्हता, दारात गाडी उभी होती.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तरी तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर दुकान बंद करावं लागेल. गाडीवाल्यानं दिलेला कुंभारीच्या माणसाचा नंबर फोनमध्ये आहे. त्याला नाही म्हणायला एक मिनिट लागेल. मघापासून मी तीनदा फोन हातात घेतला, तीनदा खाली ठेवला, आणि मधल्या वेळात उद्यासाठी सव्वापाच मीटर वायर कापून ठेवली आहे.