शिळा ऊस

७ जानेवारी

पुन्हा लाल दिवा. पुन्हा चंदनचाच ऊस!

कारखान्याच्या लॅबमध्ये नवा सेन्सर बसवल्यापासून माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा ऊस तिसऱ्यांदा शिळा निघाला. तोडलेला ऊस पडून राहिला की रसात डेक्स्ट्रान तयार होतं – चिकट, पण विरघळलेलं, डोळ्याला दिसत नाही. सेन्सर रसातून उजेड सोडतो आणि ते पकडतो. चंदन म्हणतो, काल संध्याकाळी तोडला, रातभर ट्रॉलीत भरला. कळसाडी गावाहून येऊन सगळ्यांच्या आधी गेटवर उभा. मग लाल का?

८ जानेवारी

आज तर कमालच. पहिला चंदनचा – लाल. मागोमाग सुकलाल आप्पांचा. बांधाला बांध, तोडणी टोळी एकच, तोडलाही एकाच दिवशी – हिरवा! काचेची कुपी बदलली. रसायन नवं घेतलं. पुन्हा तेच. साहेब म्हणाले, "मॅडम, भाऊ आहे म्हणून मशीन खोटं का?" कान तापले माझे.

९ जानेवारी

डोकं चालत नाही. मशीन खोटं की भाऊ?

११ जानेवारी

चंदनचा ट्रॅक्टर परत पाठवला. सही माझी. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "ताई, तुले मशीनवर इस्वास शे, मन्हावर नही?"

मी म्हणाले, "मशीनला भाऊ कोण, परका कोण कळत नाही. तूच खरं सांग."

ट्रॅक्टर वळवला आणि गेला. तो खोटं बोलला की एरवी मला लगेच कळतं. आज काहीच कळलं नाही. आईचा फोन दोनदा आला. घेतला नाही. काय सांगणार होते?

१३ जानेवारी

आज चंदन आलाच नाही. पहिला ट्रॅक्टर सुकलाल आप्पांचा. लाल!

तपासणीच्या छोट्या चरकाची रबरी नळी उपसून काढली. आतून बुळबुळीत. रात्रीचा उरलेला रस तिथेच आंबतो, आणि सकाळी जो पहिला येईल त्याच्या माथी बसतो. चंदन रोज पहिला यायचा.

तिथूनच फोन लावला. त्याच्या बायकोने, रुपाने, उचलला. "त्या जपेल शेतस."

सकाळचे आठ वाजलेले. या वेळेला झोपलेला चंदन मी जन्मात पाहिला नाही. म्हटलं, उठव त्याला.

ती हळूच म्हणाली, "ताईना फोन उना तर असंच सांगजो, म्हनेत."